नाडगौडांचा अंगठा

नाडगौडांनी हातातलं नेमबाजीचं कसब क्लबला दान केलं, तेव्हा ते काढून घेतल्यावर आपल्याकडे काहीच उरणार नाही, हे हारतुऱ्यांच्या गडबडीत त्यांना कोणी सांगितलं नाही. आता ज्येष्ठांच्या स्पर्धेसाठी ते त्याच क्लबात पिस्तूल धरायला शिकत होते.

शेजारी उभ्या असलेल्या मुलीने त्यांचंच कसब सुईने टोचून घेतलं होतं. तिने अंगठा पँटला पुसला, चाप ओढला आणि दहा गुण मिळवले. नाडगौडांना चार.

“काका, आधी अंगठा पुसा!” शिकवणारे सर वैतागले. “तंत्र आहे ते.”

पूर्वी नाडगौडा तंबाखू मळून नेम धरत, तेव्हा अंगठ्याला लागलेला चुना ते पँटला पुसत, एवढंच. पण आता सांगणार कोणाला? त्यांनी कोरडा अंगठा पँटला पुसला. पाच.

“बघा,” सर म्हणाले, “सुधारणा आहे.”