लिहून पुसलेलं

मालिनीताई दिवंगत नवऱ्याचा जुना कॉम्प्युटर घेऊन चिपळूणच्या पुनर्वाचन केंद्रात आल्या होत्या. जमिनीच्या मोजणीची डिलीट झालेली मेल त्यांना हवी होती.

"ती सापडली, काकू," तिथली तंत्रज्ञ म्हणाली. "पण हे नवं यंत्र, लिहून न पाठवताच पुसलेलंही वाचतं. काकांनी शाल्मली नावाच्या कुणाला तरी एकशे बारा मेल लिहिल्या आणि सगळ्या पुसून टाकल्या."

शाल्मली त्यांची लेक. लग्नावरून झालेल्या भांडणानंतर बापाने मरेपर्यंत तिचं नाव काढलं नव्हतं.

मालिनीताईंनी शेवटची मेल उघडली. 'चूक माझी होती. घरी ये.' त्यांनी तिथूनच लेकीला फोन लावला आणि ती वाचून दाखवली.

"आई," शाल्मली म्हणाली, "पहिलीपासून वाच."