काचेवरच्या तारखा

खडीच्या ट्रकमागून उडालेल्या दगडाने हाल्याच्या गाडीची पुढची काच तडकली, त्याच घटकेला तिचा नवरा ओरेस्ट घरी कोसळला. तेव्हापासून तो इस्पितळात बेशुद्ध होता. काचेचं त्याला ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता.

कॅनडातल्या उत्तर आल्बर्टात सगळेच करतात तसं तिने तड्याच्या टोकाशी लाल खूण केली आणि तारीख घातली. तडा किती वाढतो, ते त्यावरून कळतं. गारठलेल्या काचेला एकदम ऊब लागली की तडा पळतो, म्हणून ती हीटर बंद ठेवून, कुडकुडत रोज इस्पितळात जायची.

पाचव्या दिवशी तडा खुणेच्या अलीकडे थांबला होता. तिने तिथे नवी खूण केली. दुसऱ्या दिवशी तो आणखी आखडला.

काच बदलायला आलेला डॅरिल त्या तारखा वाचून हसला. "मावशी, उलट्या टाकल्यात तुम्ही. तडे मागे जायला लागले तर मी खायचं काय?"

"नवरा अंथरुणावर आहे माझा. दिवस मोजायला चुकेन मी?"

डॅरिलने पुन्हा वाचलं. मग अवजारं न उघडताच तो निघून गेला.

सोमवारी इस्पितळाच्या आवारात तिच्या डोळ्यांदेखत तड्याचा उरलासुरला ठिपका बारीक होत मिटला. काच अखंड झाली. बॉनेटवरून खडीचा एक खडा घरंगळत खाली पडला.

फोन वाजला. नर्स होती. "लवकर वर या. शुद्धीवर आलेत ते. विचारतायत, काचेचा तडा मिटला का?"