तोच बाक

बोरीवलीतल्या सोसायटीला हॉल नव्हता, म्हणून रिडेव्हलपमेंटची सभा समोरच्या पालिका शाळेच्या एका वर्गात भरली होती. “पालिकेच्या शाळा बांधायचा-दुरुस्तीचा नवा कर बिल्डरच्या बोकांडी नको, असं पालिकेला एकमताने कळवू. कर वाचला, तर बिल्डर प्रत्येकाला बाल्कनी देतोय!” सेक्रेटरी म्हणाले. पटापट हात वर झाले. सोसायटीतच राहणाऱ्या आणि याच वर्गात शिकवणाऱ्या मेबलनेही हात उचलला. अंथरुणाला खिळलेल्या सासूला ऊन मिळालं असतं. इतक्यात छताचा पोपडा सेक्रेटरींच्या बाकावर धपकन पडला. “अरे, हा बाक मागे घ्या रे, डोकं फुटेल कोणाचं!” म्हणत ते दचकून भिंतीकडे पळाले. दोघे बाक ओढायला धावले. मेबलचा हात खाली आला. त्याच हाताने तिने बाक धरून ठेवला. “बाक हलणार नाही. उद्या सकाळी इथे माझी दुसरीतली पोरं बसतील. सेक्रेटरीसाहेब, या, आता इथेच बसून पुन्हा हात मोजा.”