लोकायचा वाफा

सुगंधाबाईनं बायनाबाईच्या ढिगातली पालकाची जुडी उचलून पिशवीत टाकलीसुद्धा.

"आन् ही लौकीबी दे," दुधीकडे बोट करत सुगंधाबाई म्हणाली. "उद्या दिव्यानीच्या पोराचं उष्टावण आहे. पयला घास तुह्या वाडीतल्या पालकाच्या वरणाचा. मी पोरीले सांगून ठेवलं, नातवाले बाहेरचं काईच नाई घालाचं."

गोंडपिपरीचा आठवडी बाजार ऐन भरात होता. बायनाबाईच्या ताडपत्रीपुढे नेहमीसारखी गर्दी होती, आणि ती असायचीच. असा पालक अख्ख्या बाजारात कुणाकडे नव्हता. हिरवागार, तुकतुकीत, एका पानाला भोक म्हणून नाही. वांगी तर तेलाच्या फडक्यानं पुसल्यासारखी.

पानाला भोक का नाही, हे बायनाबाईला पक्कं माहीत होतं. घरामागच्या वाडीत तिचे दोन वाफे होते. न्हाणीच्या पाण्यावरचा तो घरचा. त्याला शेणखत आणि चुलीतली राख. चार पानं किडीनं खाल्ली तर खाऊ द्यायची. कुंपणाकडचा तो लोकायचा, म्हणजे लोकांना विकायचा. त्याच्यावर बाजाराच्या आदल्या संध्याकाळी तिचा मुलगा बिरजू पाठीला पंप लावून औषध मारायचा. औषध मारल्यावर बरेच दिवस भाजी तोडू नका, असं दुकानदारानं बजावलं होतं. इथे मध्ये फक्त रात्र जायची. "लोकायच्यावर मारलं वं माय, आपल्यावर नाई," असं बिरजू सांगायचा आणि बायनाबाई निर्धास्त व्हायची. लोक म्हणजे कोण, हे कधी तिच्या मनातही आलं नाही. लोक म्हणजे लोक. येतात, भाव पाडून मागतात, घेऊन जातात.

माहीत नव्हतं म्हणायचीही सोय नव्हती. मागे एकदा तिच्या नातीनं कुंपणाकडचं टमाटर तोडून तोंडाला लावलं, तेव्हा बायनाबाई हातातलं खुरपं टाकून धावली होती. पोरीच्या तोंडात बोट घालून तिनं घास बाहेर काढला, पुन्हा पुन्हा चूळ भरायला लावली आणि वर पाठीत धपाटाही घातला.

सुगंधाबाई मात्र लोकांतली नव्हती. दोघींचं माहेर एक, लहानपणी दोघींनी गावच्या एकाच बोडीत, त्या लहानशा तळ्यात, डुंबून मार खाल्लेला. लग्नं होऊन शेजारशेजारच्या गावांत पडल्या, तरी सुगंधाबाईनं दुसऱ्या कुणाकडून भाजी घेतली नाही. बायनाबाईही तिला दर बाजारी एक जुडी जास्तीची द्यायची. त्याच ढिगातली.

"आज पालक नको नेऊ," बायनाबाई म्हणाली. "जून झाला आहे."

"हा जून?" सुगंधाबाईनं देठ कट्‌कन मोडून दाखवला. "येवढा कवळा तर पालक आहे. काऊन वं, नातवाले द्याचा जीव नाई होऊन राह्यला का तुहा?"

आजूबाजूच्या बाया हसल्या. सुगंधाबाईही हसली आणि तिनं काखेतलं गाठोडं ताडपत्रीवर ठेवलं. नवे तांदूळ. धान निघालं की दर वर्षी ती बायनाबाईसाठी एवढे तांदूळ आणायचीच. मग ती पिशवी उचलून वळली.

बायनाबाईच्या डोळ्यांपुढे ते कधी न पाहिलेलं लेकरू आलं. पाटावर मामाच्या मांडीत बसलेलं, घासासाठी आ केलेलं. तिनं पुढे झुकून पिशवी धरली.

"नको नेऊ! कालच औषध मारलं त्याच्यावर."

वांगी चाचपणाऱ्या एका बाईनं हात मागे घेतला. बायनाबाईला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

"कालच?" सुगंधाबाईनं विचारलं. "आन् मागच्या बाजारी?"

बायनाबाई ढिगातल्या जुड्या सारख्या करू लागली. उत्तर त्यातच आलं.

"माय गं," सुगंधाबाई म्हणाली, एवढंच. तिच्या आवाजात राग असता तर बायनाबाईला बरं वाटलं असतं. काहीतरी भरून काढावं म्हणून ती घाईनं बोलून गेली, "तू थांब. मी सकाळीच घरच्या वाफ्यातला पालक आणून देतो तुले. त्याच्यावर कधीच नाई मारत आमी. नातीले तोच खाऊ घालतो."

बोलल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो ते.

"म्हंजे घरचा अलग आहे."

सुगंधाबाईनं पिशवीतली जुडी काढून सावकाश ढिगावर ठेवली. लौकी ठेवली. बायनाबाईनं तांदळाचं गाठोडं तिच्याकडे सरकवलं.

"हे घेऊन जा वं. मले नाई शोभत."

"राहू दे," सुगंधाबाई म्हणाली. "तुह्या नातीले घाल. घरच्यासाठी शेतात एक बांधी अलग आहे, तिच्यातले आहेत. त्या धानावर आमी औषध नाई मारत."

"मंग बाजारात इकता ते?"

"ते दुसऱ्या बांधीतले. लोकायचे." सुगंधाबाईनं रिकाम्या पिशवीची घडी घातली. "तू कुठी लोक होती वं माह्यासाठी."