अनुभवाचा रकाना

“जोर नका लावू, नलूबाई. ओवी लांबली का हात आपोआप सुटते.” वहिनीचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. लकव्यानं आईची मूठ मिटली, तेव्हा मी नागपूरला मालिश-व्यायामाचं शिक्षण घेत होते. इकडे मारेगावात इंदूवहिनीनं लुगड्याच्या चिंधीनं ती मूठ जात्याच्या खुंट्याला बांधली आणि सहा वर्षं सासूला सोबत घेऊन, गात गात दळण दळलं. सुटीत मी शिकल्याप्रमाणे आईची बोटं धरायची, तर ती कळवळायची, “तू राहू दे, इंदूले बोलाव.” वहिनीला हाक न मारताच मी उठून जायची. साठ साली आई गेली, मागोमाग भाऊ गेला. यंदा आमच्या दवाखान्यात माझ्या हाताखाली एक जागा निघाली आणि वहिनीनं त्या जागेसाठी आपला अर्ज मलाच लिहायला सांगितला. अनुभवाच्या रकान्यात मी लिहिलं, ‘नाही’. आज डॉक्टरांनी तो वाचून विचारलं, “बाई, लकव्याचा रोगी कधी हाताळला का?” वहिनी लाजली. “घरचीच बुढी होती जी, सासू. ते कायले धरता?” डॉक्टरांनी अर्ज बाजूला सारला. उठता उठता वहिनी हळूच मला म्हणाली, “माह्यापायी तुमाले खाली पाहा लागलं, नलूबाई.” तेव्हा मात्र मला राहवेना. “थांबा साहेब,” मी म्हटलं, “माह्या आईची मूठ हिनं उघडली. माह्या तीन वर्षांच्या शिक्षणानं उघडली नाही. मी जळत होती, म्हून लिहिलं नाही.”