चौथा पाय

बैल आडवा पाडून त्याचे चारी पाय बांधले होते. मानेवर गुडघा रोवून भिवा कोकरे बसला होता आणि तोंडानं शिव्या चालू होत्या. दस्तगीर नालबंद खुरांना नालाच्या लोखंडी पत्र्या ठोकत होता. तीन पाय झाले होते. उद्यापासून ऊस भरून डांबरी रस्त्यानं गाडी भवानीनगरच्या साखर कारखान्याला जायची होती.

"पेपरात काय चाललंय बघतूस ना? तुमी सगळी भायेरची. आल्या वाटंनं परत जावा."

दस्तगीरनं हातोडा खाली ठेवला. "जातू की. आमचं वाडवडील दाभोळ बंदरात उतरलं, घोडी विकणाऱ्या अरबांच्या संगं. घोड्यांस्नी नाल ठोकायला. तवर हितं ही कला कुणाला ठावी नव्हती, आसं आजा सांगायचा."

त्यानं पक्कड उचलली आणि पहिल्या पायाच्या पत्रीखाली घातली.

"आरं, काय करतूस?"

"आणलेलं संगं न्यायला नको?"

 गुडघा न हलवता भिवानं हनुवटीनंच चौथ्या पायाकडं दाखवलं.

"त्यो राह्यलाय. आधी त्यो ठोक. मग जा."