शेठ उठेपर्यंत

अजिंक्यला मस्कतमध्ये माल घेणारा एक शेठ मिळाला, तर सावर्ड्यातला त्याचा काजूचा कारखाना वर्षभर चालणार होता. जाण्याआधी घासाघिशीचा सराव हवा म्हणून त्याचे वडील आप्पा शेठ होऊन ओटीवर बसले, आणि मग सगळ्या वाडीलाच शेठ व्हायची हौस आली. नमुन्याचे काजू संपत आले.

शेठ झालेल्या सगुणाकाकीने उरलेली मूठ तोंडात टाकली. "बरे हायत, पण महाग!"

"काकी, थोडं उतरवतो."

"उतरलास? मेल्या, मी अजून उठलीय कुठं? गिऱ्हाईक उंबऱ्यापर्यंत तरी जाऊ दे!"

अजिंक्यने नमुन्याची नवी पिशवी भरली आणि विमान गाठलं.

मस्कतचा शेठही "महाग" म्हणाला. अजिंक्य नुसता हसत बसून राहिला. शेठ काही उठला नाही; शेवटी त्याच भावात त्याने वर्षभराचा माल ठरवला.

वाडीने खाल्लेल्या काजूंचे पैसेसुद्धा त्या भावातून शेठनेच भरले.